परसातून कुंडीत : ॲव्होकाडोच्या गृहलागवडीचा इतिहास

१

इ. स. १९६५ मध्ये अमेरिकेत हेझल पर्पर ह्या लेखिकेचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ॲव्होकाडोचे फळ खाऊन झाल्यावर उरणारी बी टाकून न देता तिचे झाड घरातल्या घरात कसे वाढवावे, एवढाच त्या पुस्तकाचा विषय होता. बीच्या कडेला तीन काड्या टोचाव्यात, तिची रुंद बाजू पाण्यात बुडेल अशा बेताने ती पेल्याच्या काठावर टेकवावी आणि मूळ व कोंब फुटल्यावर ती तळाशी भोक असलेल्या कुंडीत लावावी, ही कृती त्या दशकात अमेरिकेतील व पश्चिम युरोपातील असंख्य घरांत परिचयाची झाली होती. खिडकीशी ठेवलेल्या अशा कुंडीतील झाडास पाने भरपूर येतात. फळ मात्र बहुधा कधीच येत नाही.

कृषीच्या इतिहासकारांनी ह्या कुंडीकडे स्वाभाविकपणेच दुर्लक्ष केले आहे. ज्या झाडापासून उत्पन्न नाही, ज्याची नोंद कोणत्याही खात्याच्या दप्तरात नाही, त्याला इतिहास तो कसला, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु ॲव्होकाडोच्या बाबतीत हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. हे झाड मुळात परसातले होय. बी पेरून, घराशेजारी, घरच्या माणसांच्या निवडीने ते घडत गेले. विसाव्या शतकात व्यापारी बागेने बीस दूर सारून कलमास जवळ केले, आणि बागेतून हद्दपार झालेली ती बी पुन्हा घराकडे आली, ती कुंडीत. हा प्रवास ज्या क्रमाने घडला, तो तपासून ह्या परतीचा अर्थ काय व तिची मर्यादा कोणती, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

ॲव्होकाडोचे कुल दालचिनीचे व तमालपत्राचे. जन्मभूमी मात्र मेक्सिको व मध्य अमेरिका. मेक्सिकोतील तेवाकान खोऱ्याच्या गुहांत १९६० नंतरच्या उत्खननांत सापडलेल्या बियांचे मोजमाप सी. अर्ल स्मिथ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. काळाच्या ओघात बियांचा आकार वाढत गेला असल्याचे दाखवून, मनुष्य मोठ्या फळाची झाडे निवडीत होता, असा निष्कर्ष त्याने काढला. पश्चिम होंडुरासमधील एल हिगान्ते ह्या शैलाश्रयातील अवशेषांवरील संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून तेथील लोक सुमारे ११,००० वर्षांपूर्वीपासून हे फळ खात होते आणि सुमारे ७,५०० वर्षांपूर्वी बी मोठी व साल जाड होण्याइतपत निवड झालेली होती, असे दिसते. मक्याची शेती त्या प्रदेशात स्थिरावण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेथे धान्यशेतीच्या आधी वृक्षसंगोपन आले, असे म्हणावयास त्यामुळे आधार मिळतो.

ही निवड कशी होत असावी? कलमाची कला त्या समाजास अवगत असल्याचा पुरावा नाही. निवडीचे साधन एकच: ज्या झाडाचे फळ आवडले त्याची बी घराजवळ पेरावयाची, आलेल्या झाडांपैकी उणे ते तोडावयाचे, सरस ते राखावयाचे, आणि पुढील पिढीने हेच पुन्हा करावयाचे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने नावाटल भाषिकांकडून जी माहिती लिहून घेतली तीत ह्या फळाचे एकाहून अधिक प्रकार नावांनिशी दिले आहेत. आज शास्त्रज्ञ मेक्सिकन, ग्वातेमालन व वेस्ट इंडियन असे जे तीन वंश मानतात, त्यांपैकी पहिला थंडी सोसणारा, दुसरा जाड सालीचा आणि तिसरा उष्ण सखल प्रदेशातील आहे. हे सारे वैविध्य बीच्या मार्गाने आलेले आहे.

येथे बीच्या स्वभावाची एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गहू वा हरभरा ह्यांचे बी वाळवून वर्षानुवर्षे कणगीत राहते. ॲव्होकाडोची बी वाळली की मरते. ओलसर राखली तरी काही आठवड्यांपलीकडे तिचा फारसा भरवसा नसतो. ही बी साठविता येत नाही. ती पेरावीच लागते. झाडाचे अस्तित्व टिकवावयाचे तर ते कोठेतरी, कोणाच्या तरी देखरेखीखाली, जिवंत उभे असावे लागते. पुढील इतिहासातील बहुतेक घडामोडी ह्या एका गुणधर्माभोवती फिरतात.

३

युरोपीय ग्रंथांत ह्या फळाचे पहिले वर्णन मार्तिन फेर्नांदेस दे एन्सिसो ह्याच्या १५१९ च्या भूगोलग्रंथात आढळते. फळाच्या आत लोण्यासारखा मगज असतो, असे तो सांगतो. झाड मात्र इतक्या लवकर समुद्र ओलांडू शकले नाही. क्लूसियस ह्या वनस्पतिज्ञाने १५६० नंतरच्या आपल्या स्पेनच्या प्रवासात व्हॅलेन्सिया येथील एका मठाच्या बागेत हे झाड पाहिले व १६०१ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. ‘पर्सिया’ हे नाव त्याने योजिले. प्राचीन ग्रीक लेखक ज्या इजिप्शियन वृक्षास ह्या नावाने ओळखीत तो निराळाच होता, पण चुकून चिकटलेले नाव तसेच राहिले.

इंग्लंडमध्ये हा धागा दोन व्यक्तींनी जोडला. हॅन्स स्लोन हा वैद्य १६८७ ते १६८९ ह्या काळात जमेकात होता. १६९६ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या तेथील वनस्पतींच्या यादीत ‘ॲव्होकाडो’ हे नाव इंग्रजीत प्रथम छापले गेले असे मानतात. पुढे ह्याच स्लोनने १७२२ मध्ये चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेची जमीन औषधविक्रेत्यांच्या संघास नाममात्र भाड्याने कायमची दिली आणि त्याच वर्षी फिलिप मिलर तेथे प्रमुख माळी म्हणून रुजू झाला. मिलरच्या उद्यानकोशाच्या १७६८ च्या आवृत्तीत ‘पर्सिया अमेरिकाना’ हे आजही प्रमाण मानले जाणारे नाव आले.

मिलर केवळ नाव देऊन थांबत नाही. बी शक्य तितकी ताजी मिळवावी, वाळूत घालून आणलेली बी कोरडी आणलेल्या बीपेक्षा अधिक उगवते, ती हलक्या कसदार मातीच्या कुंडीत लावावी आणि कुंडी उष्णवाफ्यात पुरावी, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. चामडे कमावून झाल्यावर उरलेला ओकच्या सालीचा चोथा आंबताना जी ऊब निर्माण होते तिच्यावर हे वाफे चालत. ॲव्होकाडो कुंडीत वाढविण्याचे हे शास्त्र पर्परच्या पुस्तकाहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुने ठरते.

मिलरची कुंडी आणि विसाव्या शतकातील खिडकीतली कुंडी ह्यांत साम्य आहे तसा भेदही आहे. चेल्सीच्या काचगृहातील रोप हे ज्ञानाचे व त्याबरोबरच साम्राज्याच्या पोहोचीचे चिन्ह होते. ज्या वसाहतींत हे फळ गरिबांचे अन्न होते, तेथून ते लंडनला येताच दुर्मिळ वस्तू बनले. परंतु एक गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच घडली: झाड मातीतून, हवामानातून आणि त्याची निवड करणाऱ्या माणसांतून उपटले गेले. घरातल्या कुंडीची ही उणीव तेव्हापासूनच आहे.

४

व्यापारी लागवडीचा इतिहास मुख्यतः कॅलिफोर्नियात घडला. १८७१ मध्ये आर. बी. ऑर्ड ह्या न्यायाधीशाने सांता बार्बरा येथे मेक्सिकोहून आणून लावलेली झाडे हा तेथील यशस्वी लागवडीचा आरंभ मानला जातो. पुढील चाळीस वर्षे बहुतेक झाडे बीपासूनच वाढली, आणि त्यामुळे कोणत्याही दोन झाडांचे फळ सारखे नसे. मराठी वाचकास रायवळ व कलमी आंब्याच्या भेदावरून ही अडचण सहज उमजेल. रायवळ आंब्याची गोडी घरच्यांना ठाऊक असते. परंतु दूरच्या बाजारात नाव चालते ते कलमाचे.

ह्या विविधतेचे कारण फुलात आहे. ॲव्होकाडोचे प्रत्येक फूल दोनदा उमलते: प्रथम स्त्रीरूपाने आणि मिटून पुन्हा उमलताना पुरुषरूपाने. काही जातींत पहिले उमलणे सकाळी व दुसरे दुसऱ्या दिवशी दुपारनंतर होते, तर काहींत पहिले दुपारनंतर व दुसरे दुसऱ्या दिवशी सकाळी. बी. एस. निरोडी ह्यांच्या १९२२ मधील निबंधात व त्यापाठोपाठ न्यू यॉर्क वनस्पतिउद्यानातील ए. बी. स्टाउट ह्यांच्या संशोधनात हे प्रथम स्पष्ट झाले. अशा रचनेमुळे परपरागास वाव मिळतो. शिवाय मूळ झाडच संमिश्र वंशाचे असल्याने प्रत्येक बीत गुणांची नवी मांडणी होते. बी आईचे फळ देत नाही, ते ह्यामुळे.

ह्यावरील उपाय म्हणून कलम आले. १९११ मध्ये आल्टाडेना येथील एका रोपवाटिकेने कार्ल श्मिट ह्या तरुणास मेक्सिकोत उत्तम झाडांच्या शोधार्थ धाडले. आत्लिस्को येथे आलेहांद्रो ले ब्लांक ह्यांच्या बागेतील एका झाडाच्या डोळकाड्या त्याने पाठविल्या. १९१३ च्या जानेवारीतील भयंकर हिमकडाक्यात ह्या जातीची कलमे तगून राहिली, म्हणून तिला ‘फुएर्ते’, म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘बळकट’, हे नाव मिळाले. पुढील काही दशके कॅलिफोर्नियाचा व्यापार प्रामुख्याने ह्या जातीवर उभा होता. ती कोणत्याही प्रयोगक्षेत्रावर तयार झालेली नव्हती. मेक्सिकोतील एका बागेत ती आयती मिळाली होती.

दुसरे उदाहरण ह्याहून बोलके आहे. रुडॉल्फ हास हा टपालवाटप करणारा कर्मचारी ला हाब्रा हाइट्स येथे आपल्या छोट्या बागेत फुएर्तेची कलमे बांधण्याच्या विचारात होता. त्यासाठी लागणारे खुंट तयार करण्याकरिता त्याने १९२६ मध्ये ए. आर. राइडआउट ह्यांच्याकडून बिया आणल्या. एका रोपावर डोळा पुनःपुन्हा धरला नाही, तेव्हा ते रोप तसेच सोडून देण्यात आले. पुढे त्यास आलेल्या काळसर खडबडीत सालीच्या फळांची चव घरच्या मुलांना आवडली, आणि झाड वाचले. १९३५ मध्ये हासने त्याचे पेटंट घेतले. त्यापासून त्याला फारशी प्राप्ती झाली नाही. पेटंटाची मुदत संपली त्याच वर्षी, १९५२ मध्ये, तो वारला. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक विकले जाणारे ॲव्होकाडो त्याच्या नावाचे आहे आणि कॅलिफोर्नियाच्या उत्पादनात त्याचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. जगातील प्रत्येक हास झाड हे त्या एका रोपाचे कलम होय.

येथे बीची भूमिका पालटली. परसात बी ही नव्या झाडाची जननी होती. रोपवाटिकेत ती केवळ खुंट ठरली. तिने मूळ धरावे, अंगठ्याएवढे खोड द्यावे आणि मग तिचा शेंडा छाटून दुसऱ्याचा डोळा तिच्यावर बसवावा, एवढेच तिचे काम उरले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील ई. एफ. फ्रोलिक ह्यांनी अंधारात वाढविलेल्या फिकट फांद्यांना मुळे फोडण्याची रीत विकसित केली, तेव्हा खुंटदेखील निवडक झाडाचीच प्रतिकृती करता येऊ लागली. ह्या पद्धतीतील बी फक्त दाईचे काम करते. काम संपताच तिचा संबंध तुटतो.

५

ह्याच काळात फळ दूरच्या बाजारपेठांत पोहोचू लागले. अमेरिकेने मेक्सिकोहून येणाऱ्या ॲव्होकाडोवर १९१४ मध्ये बंदी घातली होती. बी पोखरणारा भुंगेरा हे तिचे कारण. ती १९९७ मध्ये काही राज्यांपुरती सैल झाली. तोवर अमेरिकन स्वयंपाकघरात येणारे फळ बहुतांशी कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा येथील असे. पश्चिम युरोपात १९६० च्या दशकात इस्राएलहून येणारी फळे दुकानांत दिसू लागली. फळाबरोबर बीही आली, आणि ती एवढी मोठी, तुळतुळीत व जिवंत दिसणारी होती की टाकून देताना हात आखडावा. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये खाल्लेल्या फळांच्या बिया घरात रुजविणाऱ्या हौशी मंडळींचा एक संघही अस्तित्वात होता.

मिलरच्या कुंडीस काचगृह, वाफा व धनिकांचा आश्रय लागे. ह्या नव्या कुंडीस मध्यवर्ती उष्णतेची सदनिका व एक खिडकी पुरली. ज्यांना स्वतःची जमीन नव्हती अशा शहरी माणसांना बी रुजताना पाहण्याचा अनुभव तिने विनामूल्य दिला. दोन ते सहा आठवड्यांत बी उकलते, मूळ खाली उतरते, कोंब सरळ वर जातो. शेंडा खुडला नाही तर झाड काठीसारखे उंच वाढते. पाणी साचले तर मुळे कुजतात. पाण्यात क्षार असले तर पानांची टोके करपतात. मोकळ्या जमिनीतही बीपासूनच्या झाडास फळ येण्यास पाचपासून दहाबारा वर्षे लागतात. खिडकीच्या अपुऱ्या प्रकाशात व आखडलेल्या मुळांच्या कुंडीत तो योग क्वचितच येतो. ज्यांना कुंडीत फळ हवे असते त्यांना ‘वुर्ट्झ’सारख्या ठेंगण्या जातीचे कलमच घ्यावे लागते. कुंडीतही अखेर कलमाचीच सरशी होते.

६

मग ह्या निष्फळ परंपरेचे ऐतिहासिक मूल्य काय? ह्या प्रश्नाची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण एका झाडाच्या कलमांवर उभा असलेला व्यापार किती नाजूक असतो ह्याचे इशारे मिळालेले आहेत. १९२२ मध्ये सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर प्रथम वर्णिलेला फायटॉफ्थोरा सिनॅमोमी हा रोगकारक ॲव्होकाडोच्या मूळकुजीचेही कारण असल्याचे १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात सिद्ध झाले. हासचे मूळ झाड ह्याच रोगाने २००२ मध्ये गेले. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात सवाना शहराजवळ आशियातून आलेला एक बारीक भुंगेरा आढळला. त्याने वाहून आणलेल्या बुरशीने ॲव्होकाडोच्या रानटी भाईबंदांची वने मारली आणि दशकभरात ती फ्लॉरिडाच्या बागांपर्यंत पोहोचली. अशा संकटात तग धरणारे गुण कोठे शोधावयाचे, तर बीपासून वाढलेल्या भिन्नभिन्न झाडांत. आणि बी वाळवून पेढीत ठेवता येत नसल्यामुळे ही झाडे जिवंत उभी असणे अगत्याचे आहे.

ह्यावरून असे म्हणण्याचा मोह होतो की, लाखो घरांतील कुंड्या हेच बीजवैविध्याचे एक विखुरलेले भांडार होय. प्रत्येक कुंडीतील रोप जगात एकमेव असते, हे खरेच आहे. मात्र हा युक्तिवाद पुराव्यापुढे टिकत नाही. एक तर बाजारातील फळे बहुतांशी एकाच जातीची असल्याने तिच्या बियांतील वैविध्याचा आवाका मर्यादित राहतो. दुसरे म्हणजे, ज्या झाडास फळ येत नाही त्याची पारख होऊ शकत नाही, आणि ज्याची पारख नाही त्याची बी कोणी पुढे पेरीत नाही. परसातील लागवडीचे सामर्थ्य केवळ बी पेरण्यात नव्हते. चाखणे, तोडणे, राखणे व पुन्हा पेरणे ह्या अखंड चक्रात ते होते. कुंडीत चक्राचा पहिला अर्धा भाग तेवढा शिल्लक आहे.

ते चक्र अजूनही फिरताना पाहावयाचे तर मेक्सिको व ग्वातेमाला येथील परसांकडे, आणि जवळचे उदाहरण म्हणून कर्नाटकातील कोडगूकडे वळावे लागते. विसाव्या शतकात भारतात आलेले हे झाड तेथे कॉफीच्या मळ्यांत व घरांच्या आवारांत मुख्यतः बीपासूनच वाढले. कानडीत त्यास ‘बेण्णे हण्णु’, म्हणजे लोणीफळ, म्हणतात. एन्सिसोला सुचलेली उपमा कोडगूतही आढळावी, ह्यात फळाच्या गुणाचीच साक्ष आहे. कोडगूतील चेट्टळ्ळी येथील केंद्रीय फळबाग संशोधन केंद्राने अशा बीजोत्पन्न झाडांतून निवडीचे काम केले आहे. महानगरांतील दुकानांत परदेशी हास दिसू लागला असताना ही रायवळ झाडे तोडून सर्वत्र त्याचीच कलमे लावावयाची, की झाडांची पारख आधी पुरी करावयाची, हा निर्णय भारतातही घ्यावा लागणार आहे. तोडलेल्या झाडाची बी मागाहून कोणत्याही पेढीत मिळणार नाही.

कुंडीतील ॲव्होकाडोच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा आहे. फुएर्ते व हास ह्या दोन्ही जाती बीपासूनच्या झाडांनी दिल्या, आणि त्या झाडांची किंमत फळ चाखणाऱ्या माणसांमुळे कळली. व्यापाराने त्यांचे फळ घेतले आणि ज्या रीतीने ती झाडे लाभली ती रीत मात्र मागे टाकली. खिडकीतली कुंडी ती रीत पुन्हा उभी करू शकत नाही. तेवढी तिची योग्यताही नाही. तथापि प्रत्येक बीतून निराळे झाड उगवते, ह्या विस्मरणात गेलेल्या सत्याची ती रोजच्या व्यवहारात उरलेली खूण आहे. हासच्या बागेत वाया गेलेले एक रोप मुलांनी फळ चाखले म्हणून वाचले. अशा रोपांना फळ येईपर्यंत उभे राहण्यास जागा कोठे उरली आहे, हा ह्या वृक्षाच्या इतिहासाने वर्तमानापुढे ठेवलेला प्रश्न होय.